साथीचा काळ, जनावरांचा डॉक्टर आणि संरक्षक साधने



मार्च २०२० चे दिवस आपणांपैकी कोणी विसरले असेल असे वाटत नाही. गळीत हंगाम शेवटाला आला होता, कुठे कुठे गाळप अजून चालू होते, आणि २५ मार्चपासून सगळा देश बंद झाला. ऊसतोडीला आलेली मराठवाडा-नगरकडची मंडळी कोप्यांवर अडकून पडली. एप्रिल महिन्यात शासनाने आरोग्य तपासणी करून त्यांना गावी जायला परवानगी दिली, पण तोवरचे दिवस कसे गेले ते गट ऑफिसच्या माणसांना विचारावे. माणसांबरोबर त्यांचे बैलही अडकले होते.

अशाच एका रात्री कोप्यांवरचा एक बैल फुगला. माणसांचे दवाखाने साथीत गुंतलेले असले तरी बैलाच्या पोटाला टाळेबंदी कळत नाही. जनावरांचे दवाखाने बंदीतून वगळलेले होते, म्हणून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात, तोंडाला मास्क, वर पारदर्शक ढाल. ते ध्यान कंदिलाच्या उजेडात चुरचुर आवाज करीत पुढे येताना पाहून बैल असा बुजला की दोघांना कासरा आवरेना. शेवटी डॉक्टरांनी तो पोशाख उतरवला, साधा एप्रन बांधला, मास्क तेवढा ठेवला, धरणाऱ्या दोघांना तोंडाला उपरणे बांधायला लावले, बाकी गर्दी पांगवली आणि बैलाच्या पोटातला वायू काढला. बैल वाचला.

काम झाल्यावर एका म्हाताऱ्या गाडीवानाने विचारले, "सायेब, बैलाचा रोग तुम्हाला लागंल म्हणून तोंड बांधलंय, का तुमचा बैलाला लागंल म्हणून?"

लोक हसले. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. संरक्षक साधनांचे सगळे शास्त्र त्या एका प्रश्नात आहे. त्या रात्री उत्तर द्यायला कोणाला सवड नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही आता काळ लोटला. सवड आहे, तेव्हा आपण त्या प्रश्नाकडे वळू.

कोणापासून कोणाला?

साधन म्हटले की "काय घालायचे" एवढेच आपण विचारतो. त्याच्याआधी विचारायला पाहिजे की रोग कोणाकडून कोणाकडे जायची भीती आहे. जनावरांच्या दवाखान्यात वा गोठ्यात त्याच्या तीन वाटा असतात. माणसाकडून माणसाला ही एक. जनावराकडून माणसाला ही दुसरी. आणि एका जनावराकडून दुसऱ्या जनावराला, तीही डॉक्टरच्या नाहीतर मालकाच्या हातापायावरून, ही तिसरी. माणसाकडून जनावराला अशी चौथी वाटही आहे, पण आपल्या गोठ्यापुरते तिचे महत्त्व कमी.

कोरोना हा पहिल्या वाटेचा रोग. बोलताना, खोकताना, शिंकताना उडणारे तुषार व श्वासाबरोबर हवेत तरंगणारे बारीक कण यांतून तो पसरला. गाय, म्हैस, बैल यांचा त्याच्या प्रसारात म्हणण्यासारखा वाटा कुठे आढळला नाही. मांजराच्या कुळातले प्राणी मात्र सापडले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला एप्रिल २०२० मध्ये लागण झाली ती सांभाळणाऱ्या माणसाकडून झाली असे तिथल्या डॉक्टरांचे मत पडले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातील आठ सिंह बाधित निघाले. चौथी वाट ती हीच. आपल्या दावणीला वाघ-सिंह नाहीत, म्हणून ती इथेच सोडू.

मग डॉक्टरांनी तोंड का बांधले? तर बैल धरायला दोन माणसे लागतात. एक वेसण धरतो, एक शेपटाकडे उभा राहतो, आणि डॉक्टर त्यांच्या मध्ये. तिघांच्या तोंडात हातभर अंतर. माणसांचा डॉक्टर रोग्याला खुर्चीवर लांब बसवू शकतो, बैलाला "जरा लांब उभे राहा" म्हणून काम होत नाही. डॉक्टर दिवसाकाठी दहा-पंधरा गोठे फिरतो. एका गोठ्यात त्याला बाधा झाली तर पुढच्या सगळ्या गोठ्यांत ती त्याच्याबरोबर जाणार. तेव्हा म्हाताऱ्याला खरे उत्तर असे की, बाबा, मास्क बैलासाठी नव्हता. तुझ्यापासून डॉक्टरला आणि डॉक्टरपासून तुला सांभाळण्यासाठी होता.

मास्कमास्कांत फरक

साथीत आपण तोंडाला बांधलेल्या प्रत्येक फडक्याला मास्क म्हणू लागलो. त्यांत निदान तीन जाती आहेत. कापडी मास्क किंवा उपरणे बांधले तर आपल्या तोंडातले मोठे तुषार बरेचसे अडतात, पण दुसऱ्याकडून येणारे बारीक कण फारसे अडत नाहीत. निळा-हिरवा तीनपदरी मास्क हा मूळचा शस्त्रक्रियेच्या खोलीतला. सर्जनच्या तोंडातला थेंब रोग्याच्या उघड्या जखमेत पडू नये म्हणून तो बांधतात. म्हणजे तो घालणाऱ्यापेक्षा समोरच्याला जास्त सांभाळतो. गाईचे पोट फाडून वासरू काढतानाही डॉक्टर तो बांधतात, तो गाईसाठी.

तिसरा एन-९५. नावातला ९५ म्हणजे हवेतील अगदी सूक्ष्म कणांपैकी शेकडा किमान ९५ कण तो अडवतो. हा खरोखर घालणाऱ्याला सांभाळणारा. पण अट अशी की तो चेहऱ्याला चारी बाजूंनी घट्ट बसला पाहिजे. दाढी वाढलेली असेल तर कडेने वारा आत शिरतो आणि साधा मास्क व तो यांत फरक उरत नाही. पुढे गोल झडप असलेले एन-९५ त्या वेळी बाजारात फार चालले. श्वास सोडायला सोपे वाटतात, पण सोडलेला श्वास त्या झडपेतून न गाळता बाहेर जातो. घालणारा सुरक्षित, समोरचा नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्ये झडपेच्या मास्कविरुद्ध सूचना काढली होती.

एन-९५ पाण्याने धुऊ नये. त्याच्या आतल्या थरातील धाग्यांवर विजेचा सूक्ष्म भार असतो, त्यामुळे कण धाग्याला चिकटतात. साबण-पाण्याने तो भार जातो. मास्क दिसायला स्वच्छ होतो आणि कामाला निकामी होतो. आपल्यापैकी अनेकांनी तो धुऊन दोरीवर वाळत घातलेला मी पाहिला आहे. माझ्या घरातही वाळत होता, ते कबूल करतो.

तुटवड्यात काय केले

२०२० च्या पहिल्या सहामाहीत जगभर मास्क, हातमोजे, अंगरखे यांची ओढाताण झाली. जे होते ते आधी माणसांच्या दवाखान्यांना, हे रास्तच होते. जनावरांच्या दवाखान्यांना मिळेल तेवढ्यात भागवायचे होते, आणि त्यांनी ते कसे भागवले यात आपल्याला घेण्यासारखे आहे.

अमेरिकेत पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या सभासदांना साधने जपून वापरा असे सांगितले. खच्चीकरण, दात साफ करणे अशी थांबण्यासारखी कामे पुढे ढकलली गेली, कारण एका शस्त्रक्रियेला मास्क, अंगरखा, हातमोजे सगळेच खर्ची पडते. कुत्र्या-मांजराच्या मालकाने मोटारीतच बसायचे, कर्मचारी जनावर आत नेणार, मालकाशी बोलणे फोनवर, अशी पद्धत पडली. यातली हुशारी लक्षात घ्या. माणूस आतच आला नाही तर त्याच्यासाठी लागणारा मास्क वाचतो. इंग्लंडात तर जनावरांच्या दवाखान्यांनी आपल्याकडचे व्हेंटिलेटर माणसांच्या रुग्णालयांसाठी देऊ केले.

एन-९५ खरे म्हणजे एकदा वापरून टाकायचा. तुटवड्यापुरती अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सवलत दिली. तोच मास्क पुन्हा घालावा, पण साधारण पाच वेळांपेक्षा जास्त नाही, आणि मधल्या वेळात कागदी पिशवीत ठेवावा. कागदी का? प्लास्टिकच्या पिशवीत घामाची ओल कोंडते. कागदात मास्क सुकतो आणि काही दिवस पडून राहिला की त्यावरचे विषाणूही मरतात. चार-पाच मास्क पिशव्यांत घालून त्यांवर वार लिहून पाळीने वापरायचे, ही युक्ती आपल्याकडच्याही डॉक्टरांनी केली. उसाच्या पाण्याच्या पाळीसारखीच ही पाळी.

आपल्या देशात साथीपूर्वी असे पोशाख नाममात्रच बनत. १२ मे २०२० च्या भाषणात पंतप्रधानांनी सांगितले की आता रोज दोन लाख पोशाख व दोन लाख एन-९५ मास्क देशात तयार होत आहेत. पण सुरुवातीचे दोन महिने तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत त्यातले फारसे काही पोचत नव्हते. कोणी घरून शिवलेले मास्क वापरले, कोणी शेतीच्या फवारणीचा चष्मा लावला.

पांढरा पोशाख लागतो केव्हा

कोपीवरच्या डॉक्टरांनी पोशाख उतरवला तो हलगर्जीपणा होता का? माझ्या मते नव्हता. उघड्या माळावर, हवा खेळती असताना, सगळ्यांची तोंडे बांधलेली असताना, फुगलेल्या बैलाला सुई टोचायला तो पोशाख लागत नाही. उलट जनावर बुजून लाथ मारेल ही भीती जास्त. एप्रिलच्या उन्हात त्या प्लास्टिकमध्ये माणूस अर्ध्या तासात घामाने निथळतो, चष्म्यावर वाफ धरते, आणि मग घाम पुसायला हात तोंडाकडे जातोच. हात तोंडाकडे गेला की पोशाख घातला काय अन् नाही काय.

जिथे तो खरोखर लागतो ते महाराष्ट्राने कोरोनाच्या चौदा वर्षे आधी पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांत बर्ड फ्लूची लागण निघाली. भारतातली ती पहिलीच. तिथे पशुसंवर्धन खात्याच्या लोकांनी बंद शेडमध्ये शिरून लाखो कोंबड्या मारल्या व पुरल्या. पिसे, विष्ठा व धूळ यांतून विषाणू हवेत उडतो, शेड बंदिस्त, कोंबड्या फडफडणाऱ्या. तिथे अंगभर पोशाख, मास्क, चष्मा, हातमोजे, गमबूट यांतले एकही वगळता येत नव्हते. ती दुसरी वाट होती, जनावराकडून माणसाला. बैलाची पोटफुगी आणि नवापूरची शेड यांना एकच पोशाख लावणे म्हणजे लागणीच्या उसाला आणि खोडव्याला एकच खताची मात्रा देण्यासारखे आहे.

बिनमोज्याचा हात

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या गोष्टीकडे येतो. कोरोनात आपण तोंड बांधायला शिकलो. पण गोठ्यात रोगाचे दार बहुतेक वेळा तोंड नसते, हात असतो. आणि हा धोका साथीबरोबर आला नाही, साथीबरोबर गेलाही नाही.

आमच्या भागातले एक सभासद. नाव सांगत नाही. संकरित गाई चार, दूध डेअरीला. एका वर्षी सातव्या महिन्यात एक गाय गाभडली. वार अडकली. डॉक्टर दुसऱ्या गावी होते, यायला संध्याकाळ होणार होती. यांनी बाह्या सारल्या, हाताला खोबरेल तेल लावले आणि ओढून वार काढली. गाभडलेले वासरू उकिरड्यावर टाकले, ते कुत्र्यांनी ओढून नेले. दोन महिन्यांत दुसरी गाय गाभडली. आणि त्याच सुमारास यांना संध्याकाळचा ताप यायला लागला. येतो, घाम फुटतो, उतरतो, चार दिवसांनी परत. कंबर धरलेली, गुडघे धरलेले. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉईडची इंजेक्शने झाली. हंगामात त्यांच्या तोडीला घरातला दुसरा माणूस उभा राहत होता. पाच महिन्यांनी एका डॉक्टरने "घरी जनावरे आहेत का?" असा प्रश्न विचारला. रक्त तपासले आणि ब्रुसेल्ला निघाला.

ब्रुसेलोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात हा जिवाणूचा रोग. गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते. त्या वारेत, गर्भपाण्यात व मेलेल्या वासरात जिवाणूंची अफाट संख्या असते. हाताला ऊसतोडीच्या पाचटाने पडलेले बारीक ओरखडे त्यांना आत शिरायला पुरेत. डोळ्यात उडालेल्या थेंबातून व कच्च्या दुधातूनही तो शिरतो. माणसावर उपाय आहे, पण दोन औषधे मिळून दीड महिना नेटाने घ्यावी लागतात. अर्धवट सोडले की ताप फिरून येतो.

डॉक्टर तपासणीला किंवा रेतनाला येतात तेव्हा खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा घालतात, तो शेण लागू नये म्हणून असा आपला समज आहे. तो यासाठी आहे. आणि तुमच्या गाईनंतर शेजाऱ्याच्या गाईला हात घालताना डॉक्टर मोजा बदलतात, ती तिसरी वाट बंद करण्यासाठी. कोणी एकच मोजा धुऊन दोन गाईंना वापरत असेल तर त्याला नम्रपणे पण स्पष्टपणे टोकायचा हक्क तुम्हाला आहे.

याची लस आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना एकदाच टोचतात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकताबरोबर ही लसही घेतलेली आहे. लस जिवंत जिवाणूंची आहे. टोचताना कालवड उसळली आणि सुई डॉक्टरच्या बोटात घुसली, तर डॉक्टरलाच तो रोग होऊ शकतो. म्हणून त्या दिवशी डॉक्टर हातमोजे व चष्मा घालून येतात. त्यांना हसू नका, कालवड घट्ट धरा. गोऱ्ह्यांना ही लस देत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

हाताच्या आणखी दोन गोष्टी थोडक्यात. गाय लाळ गाळते, गिळता येत नाही, ओरडते घोगरे. घशात काही अडकले असेल म्हणून आपण तोंडात हात घालतो. पिसाळलेल्या जनावराचे रूप हुबेहूब असेच असते, आणि चावा न घेताही ओरखड्यावर लाळ लागून पिसाळरोग जडू शकतो. हात आधी घालू नका, डॉक्टरला येऊ द्या. लाळ लागलीच असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट फाशीची. धडधाकट बैल एकाएकी मेला, नाका-गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर कातडे सोलायचा मोह आवरावा. प्रेत फाडले की हवा लागून फाशीच्या जिवाणूंची बीजे तयार होतात आणि ती जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. तिथे हातमोजा हे साधनच नव्हे. न फाडता खोल खड्डा, चुना आणि दवाखान्याला निरोप हेच साधन.

डोळा आणि पाय

डोळ्यांकडे आपले कायम दुर्लक्ष. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास व कॅन्सस राज्यांतील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. गाईचे दूध दाट-पिवळसर होऊन आटत होते, आणि दुधातच विषाणू भरपूर होता. धारा काढणाऱ्या काही मजुरांना लागण झाली ती बव्हंशी डोळे लाल होण्याच्या रूपाने. धार काढताना दुधाचे थेंब डोळ्यात उडाले, किंवा ओला हात डोळ्याला लागला. तिथल्या आरोग्य खात्याने बाधित कळपात काम करणाऱ्यांना मास्क व हातमोज्यांबरोबर चष्माही सांगितला. हे अमेरिकेतले आहे, आपल्या गोठ्यातले नाही. पण व्यायला मदत करताना गर्भपाणी तोंडावर उडते तेव्हा डोळा उघडाच असतो, हे मात्र आपले आहे. फवारणीला घेतलेला कडेने बंद चष्मा त्यासाठी चांगला. फक्त औषधाचा अंश राहू नये म्हणून धुऊन घ्यावा.

पायांचे म्हणाल तर २०२२ साली लम्पी आला तेव्हा आणि त्याआधी लाळ्या-खुरकतात कैकदा आपण पाहिले. लम्पी माणसाला होत नाही. तरी डॉक्टर हातमोजे घालत व प्रत्येक जनावराला नवी सुई घेत, कारण वाट तिसरी होती. लम्पी मुख्यतः माशा, डास, गोचिडांनी पसरला, पण लाळ्या-खुरकत चपलेच्या तळव्याला चिकटूनही जातो. गोठ्याच्या दाराशी धुण्याच्या सोड्याचे पाणी ठेवावे, दहा लिटरला चारशे ग्रॅम, आणि गमबूट त्यात बुडवूनच आत-बाहेर करावे. शेणाने भरलेला बूट नुसता बुडवून उपयोग नाही. आधी खराट्याने घासावा.

काढताना होणारी चूक

घालताना सगळे सावध असतात, लागण होते ती काढताना. बाहेरची बाजू घाण, आतली स्वच्छ, एवढे धरून चालावे. आधी हातमोजे, कडेला चिमटीत धरून उलटे करीत, म्हणजे घाण बाजू आत जाते. दुसऱ्या हाताचा मोजा काढताना उघडी बोटे आतून सरकवावी. मग एप्रन, बाहेरून हात न लावता, गाठ सोडून पुढे गुंडाळत. मग हात धुवावे. त्यानंतर चष्मा व मास्क, मागच्या दोऱ्यांना धरून, पुढच्या भागाला स्पर्श न करता. पुन्हा हात धुवावे. सर्रास होते ते असे की हातमोजे तसेच ठेवून त्याच हाताने मास्क खाली ओढतात, आणि तंबाखू मळायला घेतात.

सॅनिटायझरचे एक सांगतो. मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाल्यावर राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर केले. उसाच्या मळीतून निघालेल्या अल्कोहोलने दवाखाने तगले याचा आपणा सर्वांना अभिमान आहे, मलाही आहे. पण अभिमान वेगळा आणि उपयोग वेगळा. शेण, रक्त, दूध लागलेल्या हातावर सॅनिटायझर काम करीत नाही. घाणीच्या थराखाली ते पोचतच नाही. फाशीच्या बीजांवर तर त्याचा काही परिणाम नाही. गोठ्यात पहिला मान साबण-पाण्याला. सॅनिटायझर दिसायला स्वच्छ असलेल्या हातावर. ब्लीचिंगच्या पाण्याचेही तेच, आधी शेण धुवावे. शिवाय मूत्र साचलेल्या जागी ब्लीचिंग ओतू नये, त्यातून घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो.

डॉक्टरांना बोलावताना

पुन्हा साथ आली तर, किंवा न आली तरी, अर्धे संरक्षण आपण डॉक्टर येण्याआधीच करू शकतो. फोनवर नुसते "गाय आजारी आहे, लवकर या" म्हणू नये. किती महिन्यांची गाभण, गाभडली का, लाळ गाळते का, एकाएकी पडली का, गोठ्यात आणखी किती आजारी, हे सांगावे. त्यावरून डॉक्टर कोणते साधन घ्यायचे ते ठरवतात. घरात कोणाला ताप-खोकला असेल तर तेही लपवू नये. २०२० मध्ये ते लपवल्यामुळे काही डॉक्टर अंथरुणाला खिळले. कोणी मुद्दाम केले असे नाही, डॉक्टर यायचेच नाहीत अशी भीती होती. प्रत्यक्षात डॉक्टर तयारीने आले असते, एवढेच.

जनावर खोड्यात घालून वा झाडाला बांधून उघड्यावर ठेवावे, अंधाऱ्या कोंदट गोठ्यात नाही. धरायला दोघेच, तेही ताप नसलेले. पोरेबाळे, गाभण बायका लांब. दोन बादल्या पाणी, साबण, स्वच्छ फडके तयार असावे. खोडा असला की धरणारी माणसे कमी, माणसे कमी की तोंडाशी तोंड कमी. ज्या वस्तीवर चार-पाच सभासदांची मिळून वीस-पंचवीस जनावरे आहेत तिथे एक पाइपचा खोडा सामाईक करून घ्यावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

गोठ्याच्या खुंटीला एका डब्यात रबरी हातमोज्यांचे दोन-तीन जोड, खांद्यापर्यंतचे मोजे पाच-सहा, कडेने बंद चष्मा एक, प्लास्टिकचा एप्रन, चार मास्क आणि साबण असले म्हणजे पुष्कळ झाले. डबा बंद ठेवावा, उंदीर रबर खातात. उन्हात ठेवू नये, रबर चिकट होऊन फाटते. वापरलेले मोजे उकिरड्यावर टाकू नयेत, कारण ते खत म्हणून पुढे उसाच्या सरीतच जाणार. वार, मेलेले वासरू आणि त्याला लागलेले मोजे एकाच खोल खड्ड्यात, वर चुना, वर माती, कुत्र्याने उकरू नये म्हणून वर काट्या नाहीतर दगड.

एक शंका

मागे एका गटसभेत एका भगिनीने विचारले होते, "गाय रात्रीची गाभडली, घरात मोजे नाहीत, वासरू तर उचलायला पाहिजे, मग काय करायचं?" प्रश्न फार योग्य आहे, कारण गोठ्यात रात्री उठून जाणारी बहुधा तीच असते.

अशा वेळी जाड, न फाटलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत चढवून मनगटाशी सुतळीने सैल बांधाव्यात. तोंडाला व नाकाला फडके, डोळ्याला असेल तो चष्मा. वासरू व पडलेली वार दुसऱ्या पिशवीत उचलावी, पिशव्या उलट्या करीत काढून त्यातच टाकाव्यात, तोंड बांधावे आणि कुत्री पोचणार नाहीत अशा जागी ठेवावे. सकाळी डॉक्टरांना तपासणीसाठी नमुना हवा असेल, म्हणून त्यांना विचारूनच पुरावे. हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत. ही युक्ती फक्त उचलण्यापुरती. पिशवी घातलेला हात गाईच्या आत घालायचा नाही. अडकलेली वार सकाळपर्यंत तशीच राहिली तर चालेल. बाई गाभण असेल तर तिने हे कामच करू नये, घरातल्या पुरुषाला उठवावे.

त्या गाईचे दूध तपासणी होईपर्यंत वेगळे ठेवून उकळल्याशिवाय कोणाला देऊ नये, आणि दुसऱ्या गाभण गाई तेवढे दिवस त्या दावणीपासून लांब बांधाव्यात.